एका उंबरावरच्या दोन पाळ्या

पाळी म्हणजे काय, हे ठाणे-डोंबिवलीकरांना समजावून सांगावं लागत नाही. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचं काम ठाण्याच्या वागळे इस्टेटीतून सुरू झालं, पुढे डोंबिवलीतही कारखाने आले, आणि इथल्या दोन पिढ्या भोंग्यावर उठल्या, भोंग्यावर झोपल्या. याच शहरांत फळांनी लगडलेल्या कुठल्याही उंबराखाली संध्याकाळी सातच्या सुमारास उभं राहिलं, तर आणखी एक पाळी बदलताना दिसते. दिवसभर फांद्यांवर कलकलणारे लालबुड्या बुलबुल दाट पाल्यात शिरतात, शेवटचे दोन-चार बोल काढतात आणि गप्प होतात. थोडा वेळ झाड रिकामं वाटतं. मग काळोखातून मूठभर आकाराचं काहीतरी येतं, घोसाला क्षणभर बिलगतं आणि एक फळ उचलून निघून जातं. ते आखूड नाकाचं फळवाघूळ. शास्त्रीय नाव सायनॉप्टेरस स्फिंक्स.

बुलबुल भरतो 30 ते 45 ग्रॅम, हे वाघूळ साधारण 40 ते 60 ग्रॅम. दोघांचं झाड एक, फळ एक, हवेत उडणंही एक. तरी एकाने गॅलरीतल्या कुंडीत घरटं केलं तर घरची माणसं त्या कुंडीला पाणी घालताना श्वास रोखून धरतात, आणि दुसरं खिडकीतून आत शिरलं तर झाडू शोधला जातो. या दोघांची तुलना करायची ती कोण चांगलं, हे ठरवण्यासाठी करायची नाही. शहरातली झाडं कोण लावतं, या प्रश्नाचं उत्तर अर्धंच लिहिलेलं आहे आणि उरलेलं अर्धं रात्री उडतं, म्हणून ती करायला हवी.

नावांपासूनच घोळ आहे. पाकोळी हा मराठी शब्द आभाळात सुसाट फिरणाऱ्या एका पक्ष्यासाठीही वापरतात आणि घराच्या वळचणीला राहणाऱ्या लहान वाघळासाठीही. बोलीने दोघांना एका शब्दात बसवलं, कारण संधिप्रकाशात दोन्ही सारखीच दिसतात. बुलबुलाचं नाव तर उसनंच आहे. फारसी कवितेत गुलाबासाठी झुरणारा बुलबुल हा निराळा पक्षी, युरोप आणि पश्चिम आशियातला. आपल्याकडच्या काळ्या शेंडीच्या, बुडाशी लाल ठिपका असलेल्या पक्ष्याला ते नाव नंतर चिकटलं. त्याचा आवाज गोड आहे, मोकळा आहे, पण लांबलचक तान तो घेत नाही. ती ऐकायची तर पहाटे दयाळाकडे जावं. शास्त्रात मात्र बुलबुल पक्का गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटातला. त्या गटात कावळाही येतो, कारण तिथे गोडवा मोजत नाहीत, स्वरयंत्राची रचना पाहतात. बुलबुलाचं शास्त्रीय नावही चुकीच्या पत्त्यावर दिलेलं आहे. लिनियसने 1766 मध्ये त्याला ‘काफर’ म्हटलं, कारण नमुना आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडचा आहे असा त्याचा समज झाला. हा पक्षी तिथला नाहीच.

वाघूळ पक्षी नाही हे शाळेत शिकवलं जातं, पण त्या फरकाची किंमत शिकवली जात नाही. बुलबुलाचा पंख म्हणजे पिसं ल्यालेला हात. वाघळाचा पंख म्हणजे लांबवलेली बोटं आणि त्यांच्यामध्ये ताणलेली कातडी. अंगठा तेवढा मोकळा, नखासकट, फांदी धरायला. बुलबुलाची मादी दोन-तीन गुलाबीसर, तांबूस ठिपक्यांची अंडी घालते, दोनेक आठवडे उबवते, आणि पुढच्या दोनेक आठवड्यांत पिल्लं घरट्याबाहेर पडतात. मांजर, कावळा, भारद्वाज यांनी एक वीण खाल्ली तर ती त्याच हंगामात पुन्हा प्रयत्न करते. वाघळाच्या मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं. चारेक महिने ते पोटात वाढतं, जन्मल्यावर आईच्या अंगाला घट्ट धरून लोंबतं आणि दूध पितं. वर्षाला जास्तीत जास्त दोन पिल्लं. बुलबुलांचा तोटा एका चांगल्या हंगामात भरून निघू शकतो, वाघळांचा निघत नाही. पुढची बहुतेक गोष्ट या एका फरकावर उभी आहे.

आता जेवणाकडे बघू. उंबराचं फळ बुलबुलाच्या चोचीत मावत नाही. तो फांदीवर बसून त्याचे लचके तोडतो आणि गरासोबत बारीक बिया गिळतो. वडाचं लाल फळ किंवा नांद्रुकाचं लहान फळ असेल तर मात्र अख्खं घशाखाली. वाघूळ झाडावर बसून जेवत नाही. ते फळ तोंडात धरून शे-दोनशे मीटरवरच्या आपल्या ठरलेल्या फांदीवर जातं, उलटं लटकतं, अंगठ्याने आणि पायाने फळ धरून चावत राहतं. गर चावून चावून जीभ टाळूवर दाबायची, रस प्यायचा आणि राहिलेला चोथा थुंकायचा, अशी ही पद्धत आहे.

हा चोथा ज्याने एकदा पाहिला, तो पुन्हा विसरत नाही. सकाळी सोसायटीच्या आवारात उभ्या केलेल्या स्कूटरच्या सीटवर चपटी, फिकट, वाळत चाललेली गोळी पडलेली असते. उचलून पाहिली तर टाळूच्या वळ्या तिच्यावर जशाच्या तशा उमटलेल्या दिसतात. शेजारी देशी बदामाचं फळ असतं, वरचा गर दातांनी खरवडून काढलेला, आतली तंतुमय आठळी शाबूत. त्या आवारात बदामाचं झाड नसतंच. ते दोन गल्ल्या पलीकडे असतं. गाडीमालकाच्या लेखी हा कचरा. पण बदामाची एवढी मोठी आठळी आईच्या झाडाच्या सावलीतून बाहेर काढणं बुलबुलाच्या आवाक्यातलं नाही, कारण पक्ष्याची हद्द त्याच्या घशाच्या रुंदीपाशी संपते. वाघळाची हद्द त्याला जेवढं वजन उचलून उडता येतं तेवढी आहे. आपण ज्याला अशोक म्हणतो त्या सरळसोट आसुपालवाची फळंही वाघळं अशीच नेतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर बिया लांबच्या भिंतीखाली पसरलेल्या दिसतात.

बारीक बियांचं गणित वेगळं. उंबर, वड, पिंपळ, सिंगापूर चेरी यांच्या बिया दोघांच्याही पोटातून सुखरूप बाहेर पडतात, तेही बहुतेक वेळा तासाभरात. बुलबुल बहुतेक वेळा बसल्या जागी शिटतो: तारेवर, गच्चीच्या कठड्यावर, दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात. फळवाघळं उडता उडताही विष्ठा टाकतात, म्हणून त्यांच्या बिया उघड्या जागेवर, माळावर, तोडलेल्या डोंगरउतारावर पडतात. दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत हा फरक अभ्यासकांनी जाळ्या अंथरून मोजलेला आहे. एकजण झाडाशेजारी झाड लावतो, दुसरं जिथे काहीच नाही तिथे बी टाकून जातं.

याचा सर्वांत मोठा पुरावा ठाण्यापासून फार लांब, इंडोनेशियात आहे. ऑगस्ट 1883 मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला आणि उरलेल्या बेटावर राखेखाली हिरवं काहीही शिल्लक राहिलं नाही. जावा आणि सुमात्राचे किनारे चाळीसेक किलोमीटर दूर. नारळासारखी फळं समुद्राने आणली, नेच्यांचे बीजाणू वाऱ्याने आणले. पण उंबर-वडाच्या कुळाला पाणी आणि वारा उपयोगाचे नाहीत, त्याला कुणाच्या तरी पोटातूनच यावं लागतं. तरीही पंचवीस वर्षांच्या आत त्या कुळातली झाडं तिथे रुजलेली होती आणि पुढे त्यांचंच रान झालं. ते बी आणणाऱ्यांत दोन मंडळी ठळक होती. बुलबुलांचे भाऊबंद, आणि सायनॉप्टेरस याच गटातली फळवाघळं. म्हणजे डोंबिवलीच्या उंबरावर रोज पाळी बदलणाऱ्या या जोडीचे नातेवाईकच; एक अख्खं जंगल शून्यातून उभं करताना जगाने त्यांना पाहिलं आहे.

ठाणे-कल्याणमध्ये या जोडीला एक आधार मिळाला, तो श्रद्धेचा. औदुंबर दत्ताचा, वड वटपौर्णिमेचा, पिंपळ पाराचा. रस्ता रुंद करताना आंबा पडतो, चिंच पडते, पण औदुंबराला वळसा घातला जातो. कल्याणच्या जुन्या वस्तीत, ठाण्याच्या तळ्यांकाठी अशी झाडं टिकली. या कुळातली झाडं एकाच ऋतूत फळत नाहीत. एक संपतं तोवर दुसरं लागतं. म्हणून मे महिन्यातही आणि नोव्हेंबरातही कुठेतरी पोटभर खायला मिळतं. येऊरच्या जंगलातून उतरलेलं वाघूळ शहरात तग धरून आहे, त्यात या पारांचा वाटा मोठा.

दोघांच्या शरीरांतलं एक साम्य चकित करणारं आहे. बहुतेक सस्तन प्राणी ‘क’ जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात; माणसाला ते जमत नाही. 1958 साली कलकत्त्याच्या रॉय आणि गुहा या शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिलं की लालबुड्या बुलबुल आणि मोठं भारतीय फळवाघूळ यांनाही ते जमत नाही. एक पक्षी, एक सस्तन, दोघांचा समान पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. पण आहारात जीवनसत्त्व भरपूर असल्याने ती क्षमता गेली तरी दोघांचं काही अडलं नसावं. (पुढे अशी असमर्थता आणखी बऱ्याच पक्ष्यांत सापडली.)

घर बांधण्यात वाघूळ बुलबुलाला मागे टाकतं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. बुलबुलाचं घरटं ही काड्या आणि मुळ्यांची, कोळ्याच्या जाळ्याने बांधलेली वाटी. सुबक, पण पिल्लं उडाली की संपलेली. आखूड नाकाच्या वाघळाचा नर तंबू तयार करतो. ताडाचं झाप, आसुपालवाचा लोंबता पाला, भेर्ली माडाचा घोस, असं काहीतरी निवडून तो आतले देठ रात्रीमागून रात्री कुरतडतो, आणि शेवटी आत घंटेच्या आकाराची पोकळी होते. बाहेरून पाहणाऱ्याला नुसता फळांचा झुबका दिसतो. आत नर आणि त्याच्यासोबत माद्यांचा कबिला, कधी दोन-तीन, कधी दहाहून जास्त. हे सगळं तपशिलाने टिपलं गेलं ते महाराष्ट्रात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतले एच. आर. भट आणि बोस्टन विद्यापीठाचे थॉमस कुंझ यांनी पुण्यातल्या भेर्ली माडांवरच्या या तंबूंवर 1995 मध्ये लेख लिहिला. पुढे जे स्टॉर्झ यांनी त्यांच्यासोबत याच वसाहतींचा अभ्यास केला. पुण्यातल्या माद्यांच्या विणी वर्षाला दोन, एक फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास आणि दुसरी जून-जुलैमध्ये, असं त्यातून पुढे आलं.

हे महिने ठाण्या-डोंबिवलीच्या सोसायट्यांनी लक्षात ठेवावेत असे आहेत. पावसाळ्याआधीची छाटणी मे-जूनमध्ये होते. आसुपालवाचा लोंबता पाला सरसकट उतरवला जातो, ताडाची जुनी झापं काढली जातात. त्याच दिवसांत वाघळाच्या मादीच्या पोटात किंवा अंगाला पिल्लू असतं. बुलबुलाचाही तो विणीचाच काळ. धोकादायक फांदी काढावीच लागते, त्याला कुणाची हरकत नसावी. पण शोभेसाठी केलेली छाटणी हिवाळ्याच्या सुरुवातीला करायला काहीच अडत नाही, आणि फांदीवर करवत चालवण्याआधी खालून एकदा वर पाहायला दोन मिनिटं पुरतात.

पक्ष्यांना या देशात सलीम अलींसारखा माणूस लाभला. वाघळांच्या बाबतीत त्यांचंच नाव एका निराळ्या प्रकारे येतं. 1948 साली दक्षिणेतल्या हाय वेव्ही डोंगरात अँगस हटन या मळेवाल्याला एक फळवाघूळ सापडलं. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संग्रहात ते सायनॉप्टेरस स्फिंक्स, म्हणजे आपलं नेहमीचंच, अशी चिठ्ठी लावून ठेवलं गेलं. चोवीस वर्षं ते तसंच पडून होतं. 1972 मध्ये थायलंडचे प्राणिशास्त्रज्ञ कित्ती थोंगलोंग्या यांनी तो नमुना नीट पाहिला आणि ती नवी जातच काय, नवी प्रजाती (जीनस) असल्याचं दाखवलं. तिला त्यांनी सलीम अलींचं नाव दिलं: लॅटिडेन्स सलीमअली. आपण नेहमीचं म्हणून ज्याच्याकडे पाहतही नाही, त्याच्या नावाखाली जगातलं एक दुर्मीळ वाघूळ लपून राहिलं होतं.

त्याच 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्यात बुलबुल संरक्षित पक्ष्यांच्या यादीत गेला. फळवाघळं गेली ती पाचव्या अनुसूचीत, कावळा, उंदीर आणि घुशींच्या पंगतीला, उपद्रवी म्हणून. जंगल लावणाऱ्या प्राण्याला मारायला परवानगी लागत नव्हती, आणि ही स्थिती पन्नास वर्षं टिकली. 2022 च्या दुरुस्तीने ती अनुसूची काढून टाकली आणि 1 एप्रिल 2023 पासून बदल लागू झाला. कायदा सुधारला, पण पन्नास वर्षांत मुरलेली नजर त्या तारखेला बदलली असं म्हणवत नाही. दम्यावर औषध म्हणून मोठ्या वाघळांची शिकार अजूनही होते, आणि वाघूळ केसांत अडकतं ही समजूत शिकलेल्या घरांतही ऐकू येते.

भीतीचं एक कारण मात्र खरं आहे आणि ते टाळून चालणार नाही. 2018 साली केरळात निपाह विषाणूने 17 जणांचा बळी घेतला. मार्च 2020 मध्ये पुण्याच्या विषाणुविज्ञान संस्थेने महाबळेश्वरच्या गुहेतून वाघळांचे नमुने घेतले. त्यांत निपाहचे पुरावे मिळाल्याचं 2021 मध्ये जाहीर झालं, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. ते पुरावे मुख्यतः गुहेत राहणाऱ्या रूसेटस या वेगळ्या जातीत होते. विषाणू वाघळांच्या शरीरात मुक्कामाला असतो. माणसापर्यंत तो पोहोचतो तो उष्ट्या फळातून, बांगलादेशात खजुरीच्या कच्च्या रसातून, किंवा रुग्णाच्या सहवासातून. म्हणजे काळजी काय घ्यायची ते स्पष्ट आहे. दातांच्या खुणा असलेलं फळ खाऊ नये, जखमी वाघूळ उघड्या हाताने उचलू नये, पोरांना चोथ्याशी खेळू देऊ नये. झाड तोडून, फटाके लावून वसाहत उधळली तर घाबरलेली वाघळं शहरभर पांगतात, आणि त्याने धोका कमी होत नाही.

बुलबुलालाही निर्दोष म्हणता येत नाही, आणि हे त्याच्या चाहत्यांनी ऐकायला हवं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरमिटिया मजुरांबरोबर लालबुड्या बुलबुल फिजीत पोहोचला. पुढे टोंगा, सामोआ, हवाई. आज जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर घुसखोर जातींच्या यादीत त्याचं नाव आहे, कारण तो तिथल्या बागा फस्त करतो आणि घाणेरीसारख्या तणांच्या बिया डोंगरभर पेरतो. येऊरच्या कडेला फोफावलेल्या घाणेरीतही त्याच्या शिटेचा हात आहेच. वाघळांवरही डहाणू-घोलवडच्या चिकूबागायतदारांचा राग आहे. तो रास्त आहे, कारण फळ पिकलं की रात्रीत जातं.

या रागाचं काय करावं, हे मॉरिशसकडे पाहून कळतं. मराठी घरं शतकाहून जास्त काळ त्या बेटावर नांदत आहेत, म्हणून ते आपल्याला परकं नाही. लिचीच्या बागा वाचवण्यासाठी तिथल्या सरकारने 2015 साली 30 हजारांहून अधिक फळवाघळं मारली, पुढच्या वर्षी पुन्हा मोहीम काढली. ही जात फक्त त्याच परिसरातली. 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत ती धोक्यातल्या जातींत गेली. लिची खाणाऱ्यांत पक्षीही होते, आणि त्यांत एक होता 1892 मध्ये बेटावर आणलेला शिपाई बुलबुल, आपल्या येऊरमध्ये सहज दिसतो तोच. बंदुका रोखल्या गेल्या त्या वाघळांवर. झाडाला जाळी बांधणं खर्चाचं आणि कटकटीचं आहे, पण फळ वाचतं ते त्यानेच.

आपल्याकडे मोजदादीतही हीच एकांगी नजर दिसते. रविवारी सकाळी उंबार्लीच्या टेकडीवर, खाडीकाठी, येऊरच्या वाटेवर दुर्बिणी घेतलेली माणसं भेटतात. पाहिलेला प्रत्येक बुलबुल मोबाइलवर नोंदला जातो. अशा सुमारे 30 हजार हौशी निरीक्षकांच्या 3 कोटी नोंदींवर 2023 चा भारतीय पक्ष्यांचा अहवाल उभा राहिला आणि 942 जातींची स्थिती त्यात मांडता आली. ही फार मोठी कमाई आहे. वाघळांसाठी अशी रांग नाही. रस्त्यावरच्या पांढऱ्या दिव्यांनी त्यांच्या वाटा बदलल्या का, नायलॉन मांजावर 2017 मध्ये बंदी आल्यावरही संक्रांतीच्या संध्याकाळी किती वाघळं पंख फाटून लटकतात, कुठल्या सोसायटीच्या कुठल्या ताडावर किती वर्षं तंबू आहे, हे शहरातली माणसं बघू शकतात. त्यासाठी जंगलात जावं लागत नाही, रात्र जागवावी लागत नाही.

सुरुवात चोथ्यापासून होऊ शकते. ठरलेल्या फांदीखाली रोज सकाळी किती गोळ्या पडल्या, कुठल्या फळाच्या, कुठल्या महिन्यात, एवढं वहीत लिहिलं तरी वर्षभरात त्या गल्लीतल्या वाघळांचं ताट समोर येतं. शाळेतल्या पोरांना हातमोजे घालून, काडीने पालटत हे सहज करता येईल. ज्या झाडलोट करणाऱ्या बायका रोज पहाटे तो चोथा गोळा करतात, त्यांना ती फांदी कुठली ते आधीच माहीत असतं. आजवर त्यांना कुणी विचारलेलं नाही.